आधी पायांतले, मग अंगावरचे: पोशाख आणि पादत्राणे यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये लोकांना कपडे आणि पादत्राणे निवडायला मदत करण्याचे काम मी करते. लग्नघरापासून पहिल्या नोकरीच्या मुलाखतीपर्यंत प्रसंग वेगवेगळे असले, तरी विचारले जाणारे प्रश्न बहुधा तेच असतात. म्हणून ते उत्तरांसह येथे लिहून ठेवले आहेत. उत्तरे देताना नाशिकचे हवामान, येथले रस्ते आणि येथल्या घरांचे उंबरे डोळ्यांसमोर आहेत. दिवसभर वातानुकूलित कचेरीत बसून मोटारीने घरी परतणाऱ्याला यांतली काही उत्तरे लागू पडणार नाहीत.

नीटनेटके दिसायचे आहे. सुरुवात कोणत्या कपड्यापासून करावी?

कपड्यापासून करू नये, पादत्राणापासून करावी. आपल्याकडे उलट चालते. शर्ट, कुर्ता किंवा साडी यांवर तासभर विचार होतो आणि दारातून बाहेर पडताना पायाला सापडेल ती चप्पल सरकवली जाते. मग इस्त्रीच्या कडक पँटखाली झिजलेली टाच दिसते, किंवा नेसलेली उत्तम साडी प्रत्येक पावलाला जमिनीवर घासते.

पादत्राण आधी ठरवण्यामागे केवळ हौस नाही, हिशेब आहे. टाचेची उंची ठरल्याशिवाय पँटची, सलवारीची किंवा साडीची उंची ठरत नाही, आणि माणूस कसा उभा राहतो व कसा चालतो हे बऱ्याच अंशी पायांतल्या वस्तूवर अवलंबून असते. अंगावर भारी कपडे असूनही लंगडत चालणारा माणूस रुबाबदार दिसत नाही. म्हणून मी प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारते, तो रंगाचा किंवा किमतीचा नसून जमिनीचा असतो: उद्याचा दिवस कोणत्या जमिनीवर जाणार आहे? अंबड-सातपूरच्या कारखान्यातली गुळगुळीत लादी, मेन रोडवरून दहीपुलाकडे उतरणाऱ्या जुन्या नाशकातल्या गल्ल्या, रामकुंडावरचा ओला दगडी घाट आणि निफाड-दिंडोरीकडची द्राक्षबागेतली काळी माती या चार जमिनींना एकच जोड पुरत नाही. जमीन कळली की पादत्राण कळते, आणि पादत्राण कळले की वरचे कपडे ठरवायला फारसा वेळ लागत नाही.

मग किती जोड असावेत?

नोकरी करणाऱ्या माणसाला चार पुरेसे आहेत: रोजचे बंद बूट, त्यांना विश्रांती देण्यासाठी दुसरे तसेच बूट, पावसाळी सँडल आणि सणासमारंभाचा एक जोड. व्यायामाचे बूट यात धरलेले नाहीत, कारण ते व्यायामालाच वापरावेत.

यातला दुसरा जोड लोकांना चैन वाटतो. वास्तविक बचत तोच करतो. दिवसभरात पायाला येणारा घाम बुटाचे अस्तर आणि सुकतळा शोषून घेतात व तो पुरता वाळायला साधारण एक दिवस लागतो. रोज तेच बूट घातले, तर चामडे कायम दमट राहते, त्याला चिरा पडतात, वास धरतो आणि शिलाई कुजते. आलटूनपालटून वापरलेले दोन जोड हे एकामागून एक झिजवलेल्या दोन जोडांपेक्षा बरेच जास्त टिकतात, हा माझ्या घरातला अनेक वर्षांचा अनुभव आहे.

माझा नंबर आठ आहे, तरी काही बूट घट्ट होतात आणि काही सैल. असे का?

कारण आठ हा नंबर लांबीचा आहे, रुंदीचा नाही. आपल्या दुकानांत चालणारे सहा, सात, आठ हे नंबर ब्रिटिश पद्धतीचे असून त्यात एका नंबरापासून पुढच्या नंबरापर्यंतचे अंतर इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर असते. युरोपीय पद्धतीत हेच अंतर सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ६.७ मिलिमीटर असते. दोन पद्धतींच्या पायऱ्याच सारख्या नसल्यामुळे डब्यावर छापलेले ‘८’ आणि ‘४२’ हे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. त्यातच प्रत्येक कारखाना ज्या साच्यावर बूट चढवतो, त्या साच्याचा चवडा कमीअधिक रुंद असतो. आपल्यापैकी अनेकांचे पाय लहानपणापासून चपलेत किंवा अनवाणी वाढलेले असल्यामुळे चवड्याशी पसरट असतात, आणि परदेशी धाटणीचे निमुळते बूट नेमके तिथेच आवळतात. अशा वेळी लोक एक नंबर मोठा घेतात, त्यामुळे चवडा सुटतो पण टाच आत-बाहेर सरकू लागते. योग्य उपाय म्हणजे तोच नंबर ठेवून रुंद साच्याचा बूट शोधणे.

खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित सुजलेले असतात आणि सकाळी बेतशीर वाटणारा बूट संध्याकाळी लागतो. जे मोजे घालणार, तेच मोजे सोबत न्यावेत. दोन्ही पायांत बूट घालून पाहावेत, कारण बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो; माप मोठ्या पायाचे धरावे आणि लहान पायाच्या बुटात पातळ सुकतळा घालावा. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा असली पाहिजे, आणि ते सर्वांत लांब बोट दरवेळी अंगठाच असते असे नाही. शेवटची कसोटी म्हणजे बूट जिथे दुमडतो तिथेच पाय दुमडतो की नाही, हे दुकानात दहा-वीस पावले चालून पाहणे. गालिच्यावर चालून पाहू नये. गालिच्यावर सगळेच बूट मऊ वाटतात.

‘घालून घालून सैल होईल’ हे दुकानदाराचे वाक्य अर्धेच खरे आहे. चामडे रुंदीत थोडे सैल होते, लांबीत होत नाही. रेक्झिन तर कशातच होत नाही.

चामडे खरे आहे की नाही, हे कसे ओळखावे?

अनेक बुटांच्या तळाशी किंवा जिभेच्या आत छोटी चिन्हे छापलेली असतात. अंथरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे, जाळीची आकृती म्हणजे कापड आणि साधा हिरा म्हणजे इतर कृत्रिम पदार्थ. ही चिन्हे वरचा भाग, अस्तर व तळ यांसाठी स्वतंत्र असतात आणि पुष्कळदा वर कातडे व खाली हिरा असा जोड दिसतो. त्यात फसवणूक नाही, रबरी तळ आपल्या रस्त्यांना उलट सोयीचाच आहे.

चिन्ह नसल्यास बोटाने दाबून पाहावे. खऱ्या चामड्यावर दाबाभोवती बारीक, अनियमित सुरकुत्या पडतात आणि बोट काढल्यावर हळूहळू विरतात. कृत्रिम पृष्ठभाग एकसारखा दबतो. कापलेली कड तंतुमय दिसली तर चामडे, कापडावर पातळ थर चिकटवल्यासारखी दिसली तर रेक्झिन. काडी ओढून जाळून पाहण्याचा सल्ला काही जण देतात, तो कोणत्याही दुकानात जाऊन अमलात आणू नये.

पावसाळ्यात काय घालावे?

नाशकात पावसाळा जून ते सप्टेंबर असा चार महिने चालतो आणि इगतपुरी-त्र्यंबककडे जाणाऱ्याला तो कितीतरी जास्त झोडपतो. या काळात चामड्याचे बूट घरात ठेवावेत, हे सांगायला सल्लागाराची गरज नाही. मात्र घरात ठेवायचे कसे, हे सांगावे लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या बुटांना महिन्याभरात बुरशी येते. ते पुसून, पॉलिश करून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून, हवा खेळेल अशा फडताळात ठेवावेत आणि बोळे दर आठवड्याला बदलावेत.

बाहेरच्यासाठी मागे पट्टा असलेली रबरी किंवा कृत्रिम सँडल सर्वांत बरी. मागचा पट्टा महत्त्वाचा आहे, कारण साध्या चपलेची टाच प्रत्येक पावलाला चिखल उडवते आणि पोटरीपासून वरपर्यंत पँटवर ठिपक्यांची रांग उमटते. पांढऱ्या सलवारीवर तर ही नक्षी फारच उठून दिसते. तळाला खोल खाचा असाव्यात. शेवाळलेल्या घाटावर गुळगुळीत तळ घालून जाणे म्हणजे घसरायला जाणे. पँट घोट्याच्या वर संपेल एवढी आखूड किंवा दुमडता येईल अशी घ्यावी आणि कापड पटकन वाळणारे असावे. जाड डेनिम श्रावणात दोन दिवस दोरीवर लटकते.

कचेरीत बूट अनिवार्य असतील, तर एक जोड कचेरीतच ठेवावा आणि सँडल घालून जाऊन तिथे बदलावा. भिजलेच तर बूट हीटरजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नयेत, चामडे ताठून तडकते. सुकतळा बाहेर काढावा, कागद भरावा, सावलीत वाळू द्यावे आणि पुरते वाळल्यावरच पॉलिश लावावे.

गोदेचे पाणी रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आले, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. माझ्या घरी त्याच बातमीवरून दुसऱ्या दिवशीचे पादत्राण ठरते, हे थोडे हसण्यासारखे असले तरी खरे आहे.

परदेशी सल्ल्यांप्रमाणे बूट घेतले, पण रोज त्रास होतो. चूक कुठे आहे?

त्या सल्ल्यांत एक गोष्ट गृहीत असते: सकाळी बांधलेला बूट रात्रीच सुटणार. आपण मात्र दिवसातून पाच-सहा वेळा पादत्राणे काढतो. नातेवाइकांचे घर, दवाखाना, काळाराम मंदिर, गणपतीचे दर्शन, कोणाच्या दुकानातली गादी, अशा प्रत्येक उंबऱ्यावर वाकून नाडी सोडणारा माणूस लवकरच नाडी न सोडता टाच चिरडून बूट काढायला शिकतो, आणि बुटाची मागची भिंत तीन महिन्यांत मोडते. एकदा मोडलेली ती भिंत पुन्हा उभी राहत नाही.

म्हणून ज्यांचा दिवस उंबऱ्यांचा आहे, त्यांनी लोफरसारखे बिननाडीचे बूट किंवा टाचेशी रबरी पट्टी असलेले बूट घ्यावेत. नाडीचेच हवे असतील, तर लहान शू-हॉर्न, म्हणजे टाच बुटात सरकवायची पट्टी, पिशवीत ठेवावा. दुसरे असे की, पादत्राण काढल्यावर मोजे आणि पाय उघडे पडतात, आणि आपल्याकडे पाहुणा दारातच पायांवरून पारखला जातो. अंगठ्याशी भोक पडलेला मोजा कितीही महागड्या बुटाची अब्रू घालवतो. मोजे रोज बदलावेत. उघडी चप्पल घालणाऱ्यांनी टाचांच्या भेगांकडे लक्ष द्यावे. नाशिकच्या हिवाळ्यात हवा कोरडी असते, रात्री पाय धुऊन टाचांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन चोळून सुती मोजे घालून झोपल्यास आठवड्याभरात फरक पडतो.

देवळाबाहेर चपला हरवण्याची ज्यांना धास्ती असते, त्यांनी दर्शनाच्या दिवशी नवा जोड न घालणे एवढेच पथ्य पाळावे.

लग्नात सूटवर ऑक्सफर्ड घालावा की डर्बी?

फरक नाडीच्या पट्ट्यांत आहे. ऑक्सफर्डमध्ये नाडीची भोके असलेले दोन्ही भाग पुढच्या चामड्याखाली शिवलेले असतात, त्यामुळे बूट बंद व सपाट दिसतो. डर्बीत ते वरून शिवलेले असतात आणि मोकळे उघडतात. औपचारिकतेत ऑक्सफर्ड वरचा मानला जातो, पण ज्यांच्या पायाचा वरचा भाग उंच आहे त्यांना तो आवळतो आणि नाडी बांधल्यावरही दोन पट्ट्यांत इंग्रजी ‘व्ही’सारखी फट राहते. तशी फट राहणारा ऑक्सफर्ड घालण्यापेक्षा नीट बसणारा काळा डर्बी केव्हाही चांगला दिसतो.

जोधपुरी किंवा बंदगळ्यावर दोन्ही चालतात. शेरवानीवर मात्र बूट न घालता मोजडी घालावी. पारंपरिक मोजडीत डावा-उजवा असा भेद नसतो, दोन्ही नग सारखेच शिवलेले असतात आणि वापरता वापरता ज्या त्या पायाचा आकार घेतात. म्हणून ती मांडवात पहिल्यांदाच न घालता आधी आठ-दहा दिवस घरात घालावी आणि कोणता नग कोणत्या पायाचा, हे आत खडूने खूण करून ठेवावे. वराच्या बाबतीत हे अधिकच पाळावे. सप्तपदीला पाय मोकळे असतात, पण त्यानंतरच्या स्वागत समारंभात चार तास उभे राहायचे असते, शिवाय जोडे पळवणाऱ्या मेव्हण्या मोजडीने फोड आलेला पाय सगळ्यांना दाखवतात ते वेगळेच.

कोल्हापुरी चप्पल घ्यायची आहे. काय पाहावे आणि कशी वापरावी?

हा प्रश्न माझ्या विशेष आवडीचा असल्यामुळे उत्तर लांबणार आहे. खरी कोल्हापुरी बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याची असते. तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात, त्यात खिळा नसतो. कापशी, कुरुंदवाडी, कचकडी, बक्कलनाळी, पुकारी असे तिचे प्रकार आहेत. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी मिळून आहे. म्हणजे बेळगावकडच्या अथणीत बनलेली चप्पल ‘नकली’ ठरत नाही, हे अनेक ग्राहकांना ठाऊक नसते. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमधल्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब अशा चपला मूळचा उल्लेख न करता दाखवल्या, इकडे संताप उसळला आणि मग कंपनीने त्यामागची भारतीय प्रेरणा मान्य केली. त्यानंतरचे काही आठवडे माझ्याकडे कोल्हापुरीबद्दल विचारणारे बरेच तरुण आले, ज्यांनी त्याआधी ती फक्त आजोबांच्या पायांत पाहिली होती.

घेताना चप्पल उलटी करून तळाच्या कडेचे थर पाहावेत: चामड्याचे थर वेगवेगळे दिसतात, दाबलेल्या पुठ्ठ्यावर रंग दिलेला असेल तर कड एकसारखी गुळगुळीत दिसते आणि पहिल्या पावसात फुगते. वास घ्यावा, वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याला मातकट वास असतो, रसायनाचा किंवा रंगाचा उग्र दर्प नसतो. माप थोडे घट्टच घ्यावे, टाच तळाच्या बाहेर येता कामा नये आणि अंगठा त्याच्या वादीत पुरता बसावा.

नवी कोल्हापुरी चावते. त्यात तिचा दोष नाही, चामडे कोरे असते. पट्ट्यांना आणि अंगठ्याच्या वादीला आतून-बाहेरून एरंडेल किंवा खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवावे, मग पहिले चार दिवस रोज अर्धा तास घरात घालावी आणि नंतरच बाहेर काढावी. तेल तळाला फार लावू नये, तळ मऊ पडतो आणि लवकर झिजतो. पावसात ती अजिबात घालू नये. पाणी प्यायलेला तळ फुगतो, वाद्या सैल पडतात आणि वाळल्यावर चप्पल होडीसारखी वाकते. कराकरा वाजणारी कोल्हापुरी हवी असल्यास तसे कारागिराला सांगावे लागते, तो आवाज मुद्दाम ठेवलेला असतो. कचेरीत ती घालू नये, एवढेच माझे म्हणणे. मांडवात मात्र तिच्यासारखी ऐट नाही.

धोतर, नऊवारी, सुती कुर्ता-पायजमा, खादीचा झब्बा यांवर ती शोभते. जीन्सवरही शोभते, पण जीन्सची मोहरी अरुंद व घोट्यापाशी संपणारी असावी. रुंद मोहरीखाली कोल्हापुरी झाकली जाते आणि जीन्सचा निळा रंग कोऱ्या चामड्यावर कायमचा उतरतो.

पैठणीवर टाचेची चप्पल घालावी का?

घालावी, पण साडीला फॉल-बिडिंग करण्याआधी ठरवावी आणि नेसताना पायांत घालूनच नेसावी. अनवाणी उभे राहून नेसलेली साडी दोन इंचाच्या टाचेवर चढली की घोटे उघडे पडतात, आणि टाचेवर नेसलेल्या साडीचा काठ टाच काढून ठेवली की जमिनीवर लोळतो. येवल्याच्या हातमागाच्या पैठणीचा काठ अशा लोळण्याने फाटलेला मी पाहिला आहे, आणि काठाची दुरुस्ती सोपी नसते.

टाच दीड-दोन इंचांची आणि रुंद असावी. सुईसारखी टाच लॉन्सवरच्या हिरवळीत रुतते, आणि गंगापूर रोडची बहुतेक लग्ने हल्ली हिरवळीवरच लागतात. चपलेवर खडे किंवा आकडे असलेली सजावट नको, साडीची जर त्यात अडकून ओढली जाते. रंग जरीचा घ्यावा, साडीचा नव्हे. सोनेरी किंवा तांबूस चप्पल कोणत्याही पैठणीला चालते. नऊवारीवर टाच नको. काष्ट्यामुळे पाऊल पूर्ण दिसते, म्हणून तिथे कोल्हापुरी.

आता विषय निघालाच आहे म्हणून: पदराची उलटी बाजू पाहावी. हातमागाच्या पदरावर मोर, मुनिया किंवा असावली उलट बाजूनेही तितकीच स्पष्ट दिसते. यंत्रमागावरच्या पदराला मागे सुटे धागे लोंबताना दिसतात. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलून साडी मलमलीत गुंडाळून ठेवावी, अन्यथा जर घडीवर तुटते.

कपडे शिवून घ्यावेत की तयार घ्यावेत?

खांदा नीट बसत असेल तर तयार, नसेल तर शिवून. शर्टाची खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडाच्या टोकावर बसली पाहिजे. ती दंडावर उतरलेली असेल, तर शर्ट कितीही भारी असो, उसना वाटतो. बाही, कंबर आणि उंची कमी करून मिळते, पण खांदा व मुंढा बदलणे म्हणजे जवळजवळ नवीन शिवणे. बाही मनगटाच्या हाडापर्यंत यावी.

शिंप्याकडे जाताना बूट घालून जावे. बहुतेक जण चपलेत माप देतात आणि मग बुटावर पँट आखूड होते. पँटची पुढची कड बुटाला टेकून एक हलकी घडी पडावी आणि मागची कड टाचेच्या वरच्या काठापर्यंत यावी. घोट्याशी तीन-चार चुण्या पडत असतील, तर उंची जास्त झाली. सुती कापड शिवण्याआधी भिजवून वाळवून घ्यावे, कारण पहिल्या धुण्यात ते आटते, आणि आतल्या शिलाईत अर्धा-पाऊण इंच कापड सोडायला सांगावे. दिवाळीच्या तोंडावर ट्रायलला वेळ मिळत नाही. नवरात्राच्या आधी कापड टाकावे.

पट्टा आणि बूट एकाच रंगाचे हवेतच का?

औपचारिक पोशाखात हवेत, एरवी जवळपासचे असले तरी चालते. काळ्यावर काळा आणि तपकिरीवर तपकिरी इतपत जुळले की बाकीचा काटेकोरपणा कोणी पाहत नाही.

कारखान्यात मुलाखत आहे. काय घालून जावे?

फिकट शर्ट, गडद पँट आणि पुढून बंद असलेले काळे, पॉलिश केलेले बूट. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात मुलाखतीनंतर पुष्कळदा शॉप फ्लोअर दाखवायला नेतात आणि तिथे उघडी चप्पल किंवा उंच टाच असल्यास दारातच थांबवतात. मुलींनीही म्हणूनच सपाट तळाचे बंद बूट घालावेत. स्पोर्ट्स शूज घालून जाऊ नये. मुलाखतीच्या सकाळी पहिल्यांदा नवे बूट घालणे ही मी पाहिलेली सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे, कारण उमेदवाराचे निम्मे लक्ष टाचेवरच्या फोडाकडे असते.

जपून ठेवलेले, फारसे न वापरलेले बूट एकाएकी तुटले. ते निकृष्ट होते का?

तसे असेलच असे नाही. अनेक हलक्या बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याशी त्याची हळूहळू रासायनिक क्रिया होऊन काही वर्षांत त्याचा भुगा होतो आणि बूट वापरात नसले तरी ही क्रिया थांबत नाही. बंद डब्यात ओलावा कोंडून ती उलट वाढते. मी स्वतः एका आप्ताच्या लग्नासाठी पाच वर्षे डब्यात जपलेला जोड काढला आणि अक्षता पडायच्या आत दोन्ही तळ हॉलच्या लादीवर चुऱ्यासारखे सांडले. उरलेले लग्न मी यजमानीणबाईंच्या स्लिपर घालून काढले. तेव्हापासून माझा नियम आहे की महिन्यातून एकदा तरी प्रत्येक जोड पायांत घालून फिरायचे, आणि जे फिरायला मिळत नाही ते विकत घ्यायचे नाही.

दुरुस्ती करावी की नवे घ्यावेत?

वरचे चामडे शाबूत असेल, तर दुरुस्ती. टाचेची खालची रबरी चकती झिजून आतला थर दिसू लागण्याआधी बदलून घ्यावी, कारण त्यानंतर टाच तिरकी होते आणि चालही तिरकी होते. तळ शिवलेला असेल तर तो बदलता येतो. नुसता चिकटवलेला असेल तर कडेने टाके घालून आयुष्य वाढवता येते. शालिमार आणि भद्रकालीच्या आसपास रस्त्याकडेला बसणारे कारागीर हे काम डोळ्यांदेखत करून देतात. त्यांच्याशी भाव करू नये, असे माझे मत आहे. हजारोंचे बूट घेणारा माणूस टाक्याच्या दहा रुपयांवर अडून बसतो, ते पाहवत नाही.

पॉलिशपूर्वी धूळ झटकावी, ओल्या फडक्याने पुसावे, वाळल्यावर थोडे मेणाचे पॉलिश चोळावे आणि दहा मिनिटांनी ब्रशने घासावे. पटकन चमक देणारा द्रव स्पंज घाईच्या वेळी ठीक आहे, पण सतत वापरल्यास त्याचा थर साचून चामड्याला भेगा पडतात.

टाचा दुखतात, तरी सुंदर चपला सोडवत नाहीत. काय करावे?

पायाला कुरूप झाले असेल, टाच सतत दुखत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी निमुळते बूट, उघड्या चपला आणि अनवाणी चालणे हे तिन्ही टाळावे, कारण पायाची संवेदना कमी झालेली असल्यास जखम कळत नाही; रोज रात्री तळपाय पाहून झोपावे. बाकीच्यांसाठी तोडगा साधा आहे: सुंदर पण लागणारी चप्पल बसण्याच्या समारंभाला, चालण्याच्या दिवशी दुसरी.

घरातले म्हणतात, ‘किती त्या चपला!’ आवड कमी करावी का?

आवड कमी करू नये, कपाट मोजावे. वर्षभरात ज्या जोडाने दहा वेळाही उंबरा ओलांडला नाही, तो आवडीचा नसून आवडलेला आहे, आणि या दोहोंत फरक आहे. आवडलेला जोड दुकानात पाहून परत यावे; आठ दिवसांनीही तो आठवत असेल आणि तो कोणत्या तीन कपड्यांवर घालणार हे सांगता येत असेल, तर घ्यावा. माझ्याकडे एकोणीस जोड आहेत आणि आमच्या सासूबाईंच्या मते ते सतरा जास्त आहेत. त्या स्वतः गेली कित्येक वर्षे एकाच पद्धतीची काळी बंद चप्पल वापरतात, दर दोन वर्षांनी तीच नवी आणतात आणि कोणत्याही कार्यात माझ्यापेक्षा नीटनेटक्या दिसतात, हे मला मान्य करावे लागते.

जुने जोड कोणाला द्यावेत का?

तळ व शिलाई धड असेल तर धुऊन, वाळवून, पॉलिश करून आणि दोन्ही नग नाडीने एकत्र बांधून द्यावेत. सुकतळ्यावर पायाचा खोल ठसा उमटलेला जोड देताना सुकतळा नवा घालावा, कारण तो ठसा दुसऱ्याच्या पायाला टोचतो. तुटलेले जोड देऊ नयेत. त्यांच्या बकला, नाड्या आणि चामड्याचे तुकडे रस्त्याकडेच्या कारागिराला उपयोगी पडतात, तेवढे त्याच्याकडे नेऊन द्यावेत.